जेवणाचा टंच

देशातल्या कुठल्याही सराफ बाजाराच्या मागच्या बोळात शिरा. भट्टीशेजारी बसलेला माणूस फोनवर “पाऊस झाला का रं तिकडं?” असं विचारत असला, तर तो खानापूर-आटपाडीकडचा गलाईवाला समजावा. सांगली जिल्ह्याच्या त्या कोरड्या पट्ट्यात ढगांनी वर्षानुवर्षं तोंड फिरवलं, तेव्हा तिथली माणसं मुलखाबाहेर पडली आणि सोनं वितळवू लागली. जुने दागिने आटवायचे, सोनं-चांदी शुद्ध करायची, ते किती शुद्ध आहे त्याचा टंच काढून द्यायचा, हा त्यांचा धंदा. सोनाराच्या दुकानातली झाडलोटसुद्धा ते विकत घेतात आणि धुऊन, जाळून, गाळून तिच्यातून सोन्याचे कण वेगळे करतात. असा माणूस घरच्यांना उंची हॉटेलात जेवायला नेतो तेव्हा काय होतं, ते मी चेन्नईत पाहिलं. गेलो होतो अभिनंदन करायला. हे पाहायला मिळालं ते वरकड.

माझ्या बायकोचे मामा, म्हणजे तात्या, जॉर्ज टाउनातल्या साहुकारपेठेत गलाईचं दुकान चालवतात. त्यांची मुलगी सीए झाली. लगेच फोन आला, “पाव्हणं, पोरीनं नाव काढलं. या सगळी. हाटेलात जेवाण हाय. भारीतल्या.”

मुलीच्या मनात शहराच्या दुसऱ्या टोकाचं एक पंचतारांकित हॉटेल होतं. तात्यांनी ते एका वाक्यात निकालात काढलं. “तितं जेवलो तर आपल्या बाजारात कुणाला कळणार?” मुद्दा बिनतोड होता. सीए झाल्याची बातमी एन. एस. सी. बोस रोडवरच्या सराफांपर्यंत पोचली नाही, तर मुलगी पास झाली काय आणि नापास झाली काय. तेव्हा जागा ठरली ती साहुकारपेठेतली, पहिल्या मजल्यावरची, झुंबरवाली, संपूर्ण शाकाहारी, कांदा-लसूण वर्ज्य. कारण पाहुण्यांत तात्यांचे घरमालक शेठजी आणि शेठाणी होते, आणि ते जैन. विट्याकडच्या मराठ्यांच्या घरात एवढा आनंद व्हावा आणि मटण नसावं, ही गोष्ट गावाहून आलेल्या आजींना शेवटपर्यंत पटली नाही. “मग कोण मेलंय का?” असं त्यांनी स्टेशनवरच विचारलं होतं म्हणे.

जेवण रात्रीचं. दिवसभर उपाशी ठेवण्यापेक्षा पाहुण्यांना हिंडवावं, म्हणून दुपारी तात्या लेकीला घेऊन मला जॉर्ज टाउन दाखवायला निघाले. आता जॉर्ज टाउन दाखवायचं म्हणजे गर्दी दाखवायची. हायकोर्टाच्या मेट्रो स्टेशनातून वर आलो की समोर ते तांबडं हायकोर्ट, 1892 सालचं. त्याच्या घुमटावर एके काळी दीपगृह होतं, त्यामुळे न्यायमूर्तींच्या डोक्यावर जहाजांसाठी दिवा जळत असे. कोर्ट उभं आहे त्या भागात इंग्रजांच्या सुरुवातीच्या काळात ‘ब्लॅक टाउन’ होतं, फोर्ट सेंट जॉर्ज किल्ल्याच्या भिंतीला लागून. फ्रेंचांनी 1746 साली मद्रास घेतलं, तीन वर्षांनी इंग्रजांना परत मिळालं; मग तोफांना मारा करायला मोकळं मैदान पाहिजे म्हणून ती वस्ती पाडून उत्तरेला सरकवली. सरकवलेल्या वस्तीला 1911 साली पंचम जॉर्जचं नाव मिळालं. राजा गेला, इंग्रज गेले, मद्रासचं चेन्नई झालं, पण जॉर्ज मात्र अजून इथे ठाण मांडून आहे. बहुधा गर्दीत त्याला बाहेर पडायला वाट मिळाली नसावी.

इथला एकेक रस्ता एकेका मालाला वाहिलेला. गोडाउन स्ट्रीटवर कापड, अँडरसन स्ट्रीटवर कागद आणि लग्नपत्रिका, बोस रोडवर सोनं. मिंट स्ट्रीट टांकसाळीच्या नावाचा; टांकसाळ कधीच गेली, आता तिथे जिलबी आणि बदामाचं दूध मिळतं. पश्चिमेला वॉल टॅक्स रोड. हैदर अलीच्या धाकाने इंग्रजांनी वस्तीभोवती तट बांधला आणि त्याचा खर्च रहिवाशांकडून कर लावून काढायचं ठरवलं. कर काही वसूल झाला नाही, रस्त्याला नाव तेवढं चिकटलं. “न भरलेल्या कराचं स्मारक,” आमच्या सीएबाई म्हणाल्या. परीक्षा पास झाल्यापासून तिला विनोदही करातलेच सुचत होते.

मग तंबू चेट्टी स्ट्रीटवर काळिकांबाळचं देऊळ. तिथे पोचताच तात्यांनी चप्पल काढायच्या आधी टोपी सारखी केली. शिवाजी महाराज 3 ऑक्टोबर 1677 रोजी इथे दर्शनाला आले होते असं देवळात सांगतात. दक्षिण दिग्विजयाचं ते वर्ष. त्याच वर्षीची एक नोंद इंग्रजांच्या दफ्तरात आहे, ती मला देवळापेक्षाही जवळची वाटते. महाराजांनी फोर्ट सेंट जॉर्जच्या इंग्रजांना पत्र पाठवून विषावरचे उतारे आणि काही औषधी खडे मागवले. इंग्रज व्यापारी, पण पैसे मागायची त्यांची छाती झाली नाही. भेट म्हणून पाठवून दिले. दिग्विजयाला निघालेल्या राजालाही या मुलखात आधी औषधाची तजवीज करावी लागली. मी तिथल्या तिथे समोरच्या दुकानातून पाचक गोळ्यांची पट्टी घेतली. मला मात्र पैसे पडले.

रात्री झुंबराखाली लांबलचक टेबल मांडलेलं. हातमोजे घातलेले वाढपी. पाणी काचेच्या बाटलीतलं. शिरताशिरताच तात्यांनी वर पाहिलं, झुंबराचा दांडा दोन क्षण निरखला आणि माझ्या कानाशी म्हणाले, “मुलामा.” त्यानंतर त्यांनी टेबलावरची प्रत्येक वस्तू याच नजरेने तपासली. चमच्याचं वजन हातावर घेऊन पाहिलं. वाटीला नखाने टिचकी मारून आवाज ऐकला. वाढप्याला वाटलं, साहेबांना काहीतरी हवंय. तो तीनदा येऊन गेला.

मेनू कार्डात वीस पानं होती आणि आमच्या बाजूच्या सगळ्या नजरा एकाच ओळीवर जाऊन अडकल्या: पनीर कोल्हापुरी. परमुलखात आपल्या बाजूच्या गावाचं नाव दिसलं की माणसाचा विवेक सुटतो. कांदा नाही, लसूण नाही, हे माहीत असूनही आम्ही ते मागवलं. आलं ते तांबडं लाल, वर मलईची नक्षी, एक अख्खी मिरची झेंड्यासारखी रोवलेली. सगळे थांबले. तात्यांनी पहिला घास घेतला. जिभेवर घोळवला. डोळे मिटले.

“ह्यात कोल्हापूर निघंल,” ते म्हणाले, “पण घमेलंभर झाडलोट धुवावी लागंल.”

त्यानंतर जेवणाचे भावच फुटले. दाल मखनी साडेसातशे, म्हणजे अठरा कॅरेट. बिर्याणीला तात्यांनी चांदीतसुद्धा धरलं नाही. तिच्यात भाज्या फार आहेत, असं त्यांचं म्हणणं. आप्पम आणि स्ट्यू मात्र एकदम नऊशे सोळा. शेठजींना या भाषेतलं सगळं कळत होतं, कारण त्यांचाही सोन्याचाच व्यवहार. त्यांनी मान हलवून दहीभल्ल्याला नऊशे नव्याण्णव दिले, तर तात्या एकदम गंभीर झाले. “शेठ, नऊशे नव्याण्णवाचा दागिना होत न्हाय. मऊ पडतो.” यावर पाच मिनिटं चर्चा झाली. भल्ला खरोखरच मऊ होता.

टेबलाच्या टोकाला आजी रुमाली रोटीकडे पाहत बसल्या होत्या. ती एवढी पातळ होती की तिच्यातून पलीकडची शेठाणी दिसत होती. आजींनी ती दुमडली, पुन्हा दुमडली, तरी भाकरीएवढी जाडी येईना. मग कमरेची पिशवी सोडली आणि स्टीलची डबी काढली. झाकण उघडताच सगळ्या टेबलावर विटा दरवळला. चटणी! घरची, कांदा-लसणाची, उखळात कुटलेली.

झुंबराखालच्या त्या दालनात लसणाचा वास यापूर्वी कधी आला नसावा. मॅनेजर पायघड्यांवरून जवळजवळ पळत आला. तमीळ, इंग्रजी आणि हातवारे मिळून त्याने सांगितलं की बाहेरचे खाद्यपदार्थ चालत नाहीत.

“बाहेरचं?” आजी म्हणाल्या. “आरं, हे घरचं हाय. बाहेरचं तर तू वाढलंयस.”

सीएबाईंनी हे तमिळमध्ये सांगितलं. मॅनेजरला उत्तर सुचेना. शेवटी शेठजींनीच मध्यस्थी केली: आजींचं वय पंच्याऐंशीच्या घरात, त्यांना खिडकीशी वेगळं छोटं टेबल द्यावं, लांब, म्हणजे कुणालाच अडचण नाही. तोड चांगली निघाली. फक्त तिच्यातली मेख कुणाच्या लक्षात आली नाही. थोड्या वेळाने मामी ‘आत्याबाई एकट्या हायत’ म्हणून तिकडे गेल्या. मग पोरं पाणी द्यायला गेली ती आलीच नाहीत. माझी बायको पोरांना आणायला गेली. मी बायकोला शोधायला गेलो. खिडकीशी दह्यात चटणी कालवण्याचा कारखाना चालू होता आणि मोठ्या टेबलावर शेठजी, शेठाणी, तात्या आणि एक जवळजवळ अस्पर्शित पनीर कोल्हापुरी एवढेच उरले होते. तात्यांचा जीव खिडकीकडे ओढ घेत होता, ते मानेवरून दिसत होतं. पण यजमानाला उठता येत नाही. तो माणूस त्या रात्री घरमालकापायी उपाशीच राहिला असं माझं मत आहे.

शेवटी काजूकतली आली, चांदीच्या वर्खाची. तात्यांनी वर्ख बोटावर घेतला, चिमटीत चोळला, दिव्याकडे धरला. “चांदी अस्सल हाय. वजनात मात्र येत न्हाय.” आणि बोट चाटून पुसून स्वच्छ केलं. वाया घालवायची सवयच नाही.

बिल चामडी पाकिटातून तात्यांकडे आलं. त्यांनी न उघडता मुलीकडे सरकवलं. नव्या सीएचं ते पहिलं काम. तिने ते असं वाचलं की आम्ही सगळे, आजीसुद्धा, गप्प झालो. जीएसटी पाच टक्के, अडीच केंद्राचा आणि अडीच राज्याचा, बरोबर. पनीर कोल्हापुरी दोनदा लावलंय, एक काढा. आणि हे दहा टक्के सेवाशुल्क कसलं? ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ते आपोआप बिलात धरता येत नाही. मॅनेजरने काही बोलायचा प्रयत्न केला. तिने पेन काढलं. त्याने पाकीट परत नेलं आणि नवं बिल आणलं.

तात्यांचा चेहरा त्या वेळी पाहण्यासारखा होता. शेठजींसमोर बिलावरून घासाघीस झाली म्हणून कान लाल आणि लेकीने पहिल्याच फटक्यात एवढे वाचवले म्हणून मिशीत हसू. उठताना त्यांनी वाढप्यांच्या हातात गुपचूप नोटा कोंबल्या. किती, ते मी मोजलं नाही. सीएबाईंनी मोजलं आणि कपाळाला हात लावला. वाचवलेले सगळे गेले होते, वर थोडे आणखी. “लावलेलं द्यायचं न्हाय,” तात्या म्हणाले, “आपलं आपण द्यायचं.”

आम्ही जिन्याकडे निघालो तर मॅनेजर मागून आला. आता काय राहिलं, म्हणून सगळ्यांना धास्ती. त्याने तात्यांना बाजूला घेतलं, इकडेतिकडे पाहिलं आणि बोटातली अंगठी काढून पुढे केली. एवढा वेळ सोन्याच्या भाषेत चाललेलं बोलणं त्याने ऐकलं होतं. लग्नातली अंगठी, बावीस वर्षांपूर्वीची, सासऱ्याने दिलेली, हॉलमार्क नसलेली. खरी किती आहे, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं. 

तात्यांनी सदऱ्याच्या खिशातून कसोटीचा काळा दगड काढला. तो दगड ते देवळात नेतात, लग्नात नेतात. हॉटेलात का नेणार नाहीत? अंगठीची रेघ ओढली. जिन्यातल्या दिव्याखाली ती उजव्या बाजूने पाहिली, डाव्या बाजूने पाहिली. मॅनेजरने श्वास रोखला होता.

“नऊशे सोळा,” तात्या म्हणाले.

मॅनेजरने अंगठी पुन्हा बोटात घातली, दोन्ही हात जोडले आणि आजींसाठी काजूकतलीचा एक डबा फुकट बांधून दिला. आजींनी तो घेतला आणि त्यात चटणीची डबी ठेवून दिली.

खाली उतरताना मी हळूच विचारलं, “तात्या, खरंच नऊशे सोळा होती?”

“पाव्हणं, रातच्याला दिव्याखाली रेघ काय दिसतीय नीट?” ते पुढे बघत म्हणाले. “आन्‌ सासऱ्यानं जावयाला घातलेली अंगठी. ती नऊशे सोळाच असती.”

माझ्या लग्नातली अंगठी तात्यांनीच घडवून आणून दिली होती. मी बायकोकडे पाहिलं.

“पुढं बघून उतरा,” ती म्हणाली.