पोट कुणाच्या हद्दीत?

बागेतला कोळी नेमका कोणता, हे सांगू शकणारा एकच माणूस माझ्या ओळखीत आहे आणि तोही सांगत नाही. प्राणिशास्त्राचे सर. नोकरीतून निवृत्त झाले, पण समोरच्याला नापास करण्यातून नाहीत. फोटो पाठवला की उत्तर ठरलेलं: "पाठ छान आलीय. पोट पाठवा."

पोट पाठवा म्हणे! भाद्रपदात पाऊस जरा उघडला की आमच्या कुंपणावर जाळी दिसू लागतात. भिंतीच्या अलीकडे आमची जास्वंद, पलीकडे नानांचा कढीपत्ता आणि दोघांना धरून हातभर रुंदीचं गोल जाळं. मधोमध कोळीणबाई. धड अंगठ्याच्या नखाएवढं, पिवळ्या पाठीवर तपकिरी आडवे पट्टे, डोकं खाली आणि आठही पाय जोड्याजोड्यांनी जुळवून मांडलेली फुली. पायांच्या रेघेत जाळ्यावर पांढऱ्या रेशमाची नागमोडी नक्षी. पण पाठ आमच्याकडे, पोट नानांकडे.

नाना मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. "नाना, कढीपत्त्याखाली येऊ का? कोळिणीचं पोट बघायचंय," असं मी विचारलं तेव्हा त्यांनी आधी भिंत बघितली, मग मला.

"जाळ्याचा दोर कुणाच्या झाडाला?"

"दोन्हींच्या."

"म्हणजे सामाईक. या. पण फांदी मोडायची नाही."

नानांच्या बाजूने पोट दिसलं. काळसर, त्यावर पिवळे उभे पट्टे. नानांनीही चष्मा सावरून तोंड जवळ नेलं मात्र, बाईंनी जाळं असं गदागदा हलवलं की अंगाची नुसती पिवळी धूसर रेघ उरली. "भलतीच तापट आहे," म्हणत नाना दोन पावलं मागे झाले.

सरांचा निकाल आला: "आर्जिओपी. सिग्नेचर स्पायडर. बहुतेक अनसुजा."

"बहुतेक? आता तर पोट पाठवलं!"

"पुल्चेला हुबेहूब तशीच दिसते. खात्री हवी तर मादी उताणी करून सूक्ष्मदर्शकाखाली जननांगाची ठेवण बघावी लागते." दोघींचं बारसं थोरेल नावाच्या एकाच स्वीडिश गृहस्थाने केलेलं, पुल्चेलाचं 1881मध्ये आणि अनसुजाचं 1887मध्ये. तो निस्तरायचं आमच्यावर टाकून गेला. नानांना मात्र फोनवरचं नाव 'अनसूया' असं ऐकू आलं आणि त्या क्षणापासून ती अनसूयाबाई झाली. उताणी करायचा विषय नानांनी तिथेच संपवला. बाईमाणसाच्या बाबतीत असलं काही आपल्या कुंपणावर चालणार नाही.

मला विचाराल तर बागेपुरतं कोळ्याआधी जाळं बघावं. संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लागतो तेव्हा पायवाटेत आडवं नवं कोरं जाळं विणणारी, पहाटे दूध आणायला निघालेल्या माणसाच्या थेट तोंडावर ते देणारी आणि उजाडल्यावर तेच जाळं गिळून पानाआड झोपायला जाणारी, ती बहुधा निओस्कोना. खाल्लेल्या किड्यांची सालपटं जाळ्याच्या मधोमध उभ्या ओळीत टांगून त्या ओळीत स्वतःही एक सालपट होऊन बसते, ती सायक्लोसा. आमच्या घरी ते 'जळमट' म्हणून झाडूच्या टोकावर जाणारच होतं. जवळ गेल्यावर त्यातला एक कचरा पाय आवळून घेताना दिसला, म्हणून वाचलं. जाळं जमिनीला समांतर अंथरलेलं आणि अंगावर चांदीचा वर्ख असेल तर ल्युकॉज. हिचा फोटो काढायचा तर ओल्या गवतात आडवं पडावं लागतं. तेव्हा दुरूनच नमस्कार.

सासुरवाडीला, कोकणातल्या वाडीत, हा प्रश्नच येत नाही. पोफळींच्या मध्ये उन्हात सोनेरी झळकणारं भलंमोठं जाळं आणि त्यात तळहाताला पुरून उरणारी काळी-पिवळी नेफिला. तिचा नवरा काही मिलिमीटरचा. तो तिच्याच जाळ्याच्या कडेला राहतो, तिच्याच ताटातलं खातो आणि ती जेवणात गुंतली की मगच जवळ जायचं धाडस करतो. सासरेबुवांनी ही माहिती फार लक्ष देऊन ऐकली आणि जावयाला आणखी एक वाटी सोलकढी वाढायला सांगितली.

इकडे नानांनी अनसूयाबाईंच्या नक्षीचा प्रश्न हाती घेतला आहे. ही नक्षी माशांना भुलवायला, पक्ष्यांनी जाळ्यावर आपटू नये म्हणून की आणखी कशाला, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. नानांचं झालं आहे: चतुःसीमा. मी म्हटलं, लहान वयात याच कोळिणी फुलीऐवजी गोल चकती विणतात. "तेव्हा मोजणी झालेली नसते," नाना म्हणाले.

दिवाळीआधी माळी जास्वंद छाटायला आला. नाना भिंतीपलीकडून त्याला अनसुजा, पुल्चेला, सामाईक हद्द, सगळं समजावत होते. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, कात्री टोपलीत टाकली आणि म्हणाला, "बाईंचं नाव तुमचं ठरलं की मला फोन करा. तोवर मी समोरच्यांची मेंदी कापून घेतो."