हातोडीवाचून काही अडत नाही

एमडी मेडिसिनच्या तीन वर्षांत रेसिडेंटला न्यूरॉलॉजी शिकवायची कशी, हा प्रश्न आपण किती सफाईने निकालात काढला आहे, याचे कौतुक कुणी करीत नाही. आपण त्याला न्यूरॉलॉजीचे पोस्टिंग देतो. शिकवण्याचा संबंध येत नाही.

राल्फ जोझेफोविच या अमेरिकी न्यूरॉलॉजिस्टांनी 1994 मध्ये या विषयाच्या धास्तीला ‘न्यूरोफोबिया’ म्हटले. पुस्तकातले शास्त्र आणि खाटेवरचा रुग्ण यांचा सांधा जुळत नाही म्हणून विद्यार्थी घाबरतात, असे त्यांचे निदान. ते उपचाराच्या मागे लागले. आपण त्या भीतीला रोटेशनमध्ये रीतसर जागा दिली.

पोस्टिंगमध्ये रेसिडेंट पुष्कळ शिकतो. एमआरआयचा फॉर्म भरणे, तारखेसाठी रेडिओलॉजीच्या रेसिडेंटची मनधरणी करणे, वॉर्डबॉय नसेल तेव्हा ट्रॉली ढकलणे. हातोडी तेवढी कुणाकडे नसते. गुडघ्यावर स्टेथोस्कोपचा टोला आणि तळपायावर बाइकच्या किल्लीचा ओरखडा एवढ्यावर भागते. जोसेफ बाबिन्स्कीने 1896 मध्ये पायाच्या अंगठ्याची ती खूण सांगितली, तेव्हा बिचाऱ्याकडे बाइक नव्हती.

मग केसपेपरवर उमटते, ‘सीएनएस – एनएडी’. म्हणजे मज्जासंस्थेत दोष आढळला नाही. रुग्णाला हात न लावता इतकी मोठी संस्था तपासून होते. ऑप्थॅल्मोस्कोपची बॅटरी गेलेली असते आणि नवी बॅटरी विभागाने घ्यायची की भांडाराने द्यायची, हे ठरेपर्यंत रेसिडेंट पास होऊन जातो.

जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे (गुलेन-बॅरी सिंड्रोमचे) रुग्ण वाढले, तेव्हा मात्र या व्यवस्थेची थोडी पंचाईत झाली असणार. त्या आजारात पायांतले बळ जाते, गुडघ्यावर टोला मारला तरी पाय हलत नाही, आणि मेंदूचा एमआरआय बहुधा स्वच्छ येतो. सगळ्यांना निश्चिंत करणारा रिपोर्ट कुचकामी आणि रबरी हातोडी कामाची, म्हणजे अभ्यासक्रमावर उघड अन्याय. मण्यारही तसलीच. झोपेत चावते, दंशाची खूण धड दिसत नाही, आणि पहाटे आलेल्या रुग्णाच्या पापण्या मिटत चाललेल्या असतात. असे रुग्ण भेटतात जिल्हा रुग्णालयांत. रेसिडेंटला आता तीन महिने तिथे जावेच लागते, आणि रेफरन्स पाठवायला तिथे न्यूरॉलॉजिस्ट सहसा नसतो. सुदैवाने 108 ची रुग्णवाहिका असते.

परीक्षेत लाँग केस हटकून न्यूरोची येते. रुग्ण असतो जुन्या अर्धांगवायूचा, कित्येक बॅचेस पास करून दिलेला. ‘डॉक्टर, क्लोनस बघायचा राहिला,’ असे तो हळूच सुचवतो. खाटेशेजारी न्यूरॉलॉजी शिकवणारा अध्यापक आपल्याकडे आहे तो हाच. त्याला मानधन नाही, चहा मिळतो.

काही उतावळ्या मंडळींना हे बघवत नाही. रेसिडेंटने रोज एक रुग्ण हातोडीने तपासावा, इजा नेमकी कुठे आहे ते एमआरआयच्या आधी लिहून ठेवावे, स्ट्रोकच्या कॉलला पहिल्या मिनिटापासून हजर राहावे, आणि सरांनी शेजारी उभे राहून पाहावे, असे ती सुचवतात. यातला शेवटचा मुद्दा सरांच्या ओपीडीच्या वेळेत बसत नाही. मोठी रक्तवाहिनी तुंबली की मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी मरतात आणि गुठळी विरघळवणारे अल्टेप्लेज साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, असे सांगून ही मंडळी घाबरवतात. मेंदूत सुमारे 8600 कोटी चेतापेशी असतात, हे मात्र सांगत नाहीत.

तेव्हा वाचकांना एवढीच विनंती. अर्धांगवायू व्हायचाच असेल, तर तो जुना होऊन, क्लोनससकट आणि परीक्षेच्या मोसमात घेऊन यावा. त्या दिवसांत तपासणी अगदी संपूर्ण होते.