जिचं रक्त काढलं, ती चोर

१ डिसेंबरला मारेगावच्या बसस्टँडवर एड्सचं पथनाट्य लागलं, तर गोष्ट न बघताही सांगता येते. वणीकडून कोळशाचा ट्रक येतो. ड्रायव्हर उतरतो. लिपस्टिक फासलेली, पान चघळणारी बाई डोळा मारते. (बाई म्हणजे साडी नेसवलेला कॉलेजचा पोरगा, शिट्ट्या त्यालाच.) पुढच्या प्रवेशात ड्रायव्हर खोकतो, बायको तोंडाला पदर लावते, डॉक्टर भाषण ठोकतात, टाळ्या. एक बाई रोग देणारी, दुसरी रडणारी. ड्रायव्हर बिचारा फसला!

२००२च्या अखेरीस मुंबईभर ‘बलबीर पाशा’ नावाचं पात्र झळकलं होतं. पीएसआय या संस्थेची एड्सविरोधी मोहीम, गाजलीही जोरदार. बलबीरला एड्स होणार का, म्हणून अख्खी मुंबई घोरात. तो जिच्याकडे जायचा त्या मंजुलाला कुणी दिला असेल, हे विचारायला महिला संघटनांनाच तोंड उघडावं लागलं.

खोड जुनीच. १९८६ साली मद्रासला देशातले पहिले एचआयव्ही-बाधित नमुने सापडले ते वेश्याव्यवसायातल्या बायांचे. रक्त त्यांचं काढलं, म्हणून सापडलं त्यांच्यात. गिऱ्हाइकांच्या दंडाला कुणी सुई लावली नव्हती. शोध लावणाऱ्याही बायाच: डॉ. सुनीती सॉलोमन, माहेरच्या गायतोंडे, आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला. त्यांच्यावर पथनाट्य? छे. त्या ना डोळा मारतात, ना रडतात.

गावातही तेच. पोटुशी सून ग्रामीण रुग्णालयात जाते. गरोदरपणाच्या तपासण्यांत एचआयव्हीचीही असते. नवऱ्याचं रक्त तोवर कुणी पाहिलेलं नसतं. रिपोर्ट आला की सासू अंगणातच निकाल देते, “हिनंच आणलं न बाप्पा हे घरात!” मग ताट वेगळं, तांब्या वेगळा. कापूस वेचायला मात्र सोबत चालते. उद्या नवरा गेला, की ‘नवऱ्याला खाल्लं’, आणि कापडाच्या पिशवीत दोन लुगडी कोंबून सूनबाई माहेरच्या एसटीत.

एचआयव्ही-एड्सचा २०१७चा कायदा १० सप्टेंबर २०१८पासून लागू आहे. त्याचं कलम २९ सांगतं की तिला त्याच घरात राहायचा हक्क आहे, तिला बाहेर काढता येत नाही. पथनाट्यवाल्या पोरांनो, यंदा तेवढा एक प्रवेश बसवा. लिपस्टिकचा खर्चही वाचेल.