सिंहाचा बंदोबस्त झाला, डासाचं काय?

आमच्या सोसायटीतले नाना सहकुटुंब केनियाला निघालेत. मसाई मारा, सहा रात्री, नाश्त्यासकट. आफ्रिका म्हटल्यावर तयारी हवीच, आणि नानांची तयारी चोख आहे. भाजणीच्या चकल्या, मेतकूट, ठेपले, कैरीचं लोणचं. प्रत्येक जिन्नस प्लास्टिकच्या दुहेरी पिशवीत, वर रबर, त्यावर मार्करने नाव.

केनियाने २०१७ सालीच प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली. कायद्यात ४० लाख शिलिंगपर्यंत दंड किंवा चार वर्षांपर्यंत कैद आहे. म्हणजे नाना सिंह बघायला निघालेत खरे, पण पिंजऱ्यात कोण बसेल ते पिशव्यांवर आहे. शिवाय फरसाण न्यायचं कुठे, तर नैरोबीला! तिथे गुजराती मंडळी शंभराहून जास्त वर्षं दुकानं थाटून बसली आहेत. भारतीय वंशाच्या लोकांना केनिया सरकारने २०१७ मध्ये देशातली ४४वी जमात म्हणून मान्यताही दिली. असो, चकली आपली ती आपलीच.

पीतज्वराच्या लसीचा विषय काढला, तर नाना म्हणाले, "नुसता शिक्का मिळतो का हो कुठे?"

भारतातून थेट जाणाऱ्याला केनियात या लसीच्या दाखल्यावरून कोणी अडवत नाही. अडवतं ते परतताना आपलंच सरकार. दाखला नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरण. कारण आपल्याकडे पीतज्वर नाही, पण तो पसरवणारा एडिस डास मुबलक आहे. डेंग्यूच्या निमित्ताने तो आपल्याला घरचाच. लस टोचल्यापासून दहा दिवसांनी दाखला लागू होतो आणि मग जन्मभर चालतो. एवढ्या हमीची वस्तू नानांनी एरवी रांगेत उभं राहून घेतली असती.

विम्याचंही तेच. बॅग हरवली तर किती मिळतात, हे नानांनी ओळ न ओळ वाचलं. नानांनाच माळरानावरून उचलावं लागलं तर काय, ते पान उलटलं. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून 'आम्रेफ'चे उडते डॉक्टर रुग्णांना आणायला जातात. या सेवेची मुळं १९५७ सालची आहेत. मात्र विम्यात किंवा वर्गणीत तरतूद नसेल, तर तो हवाई प्रवास स्वखर्चाने. त्यात नाश्ता धरलेला नसतो.

"पण गाडीत सिंह शिरला तर?" एवढं एकच नानांनी टूरवाल्याला तीनदा विचारलं. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल एकदाही नाही.

तर वाचकहो, निघण्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांना भेटा. साठी उलटली असेल तर पीतज्वराची लस त्यांच्या सल्ल्यानेच घ्या. मलेरियाच्या गोळ्या परतल्यावरही सांगितले तितके दिवस चालू ठेवा. आणि घरी आल्यावर ताप भरला, तर डॉक्टरांना पहिलं वाक्य सांगा: केनियाला जाऊन आलोय. सिंहाचे फोटो नंतर दाखवा.