आत्याला सांग, ती खूण आहे

ती. आईस,


पार्सल पोचलं. मेतकूट शाबूत, भाजणी शाबूत. लोणच्याचं तेल मात्र झिरपलं, त्यामुळे आमच्या ईशाच्या नव्या परकराला आता कैरीचा वास येतो. थालीपिठाची भाजणी भिजवता भिजवता लिहितेय, डाग पडले तर चालवून घे.

आधी परवाच्या फोनचं. ईशाने भरतनाट्यम सोडून बीच व्हॉलीबॉल धरलं म्हणून तू जेवली नाहीस, असं दादा म्हणाला. (वहिनी म्हणाली, जेवलीस.) आणि ग्रुपवरचा फोटो बघून आत्याने म्हणे कपाळाला हात लावला: पोरगी कमरेमागे हात नेऊन दोन बोटं दाखवते, काय हे वळण! आत्याला सांग, ती खूण आहे. जाळीजवळची मुलगी मागच्या जोडीदारणीला कळवते की समोरचीचा कुठला फटका मी अडवणार. एक बोट म्हणजे सरळ, दोन म्हणजे तिरका, मूठ म्हणजे अडवत नाही, तू बघ. समोरच्यांना दिसू नये म्हणून पाठीमागे. नानांसमोर तुम्ही दोघी नणंदा-भावजया डोळ्यांनी जे बोलायच्यात, तेच हे. संघात दोघीच असतात, बदली कुणी नाही आणि १६ बाय ८ मीटरची वाळू सांभाळायची.

आता तू म्हणतेस त्या हातपाय मोडण्याचं. इथे अमेरिकेत मिस्टी मे-ट्रेनर नावाची बीच व्हॉलीबॉल खेळलेली बाई आहे, ईशाच्या खोलीत तिचा फोटो लावलाय. बाप १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेकडून व्हॉलीबॉल खेळलेला, आई टेनिसवाली. कॉलेजात ती सहा जणींचा, छपराखालचा खेळ खेळायची. १९९८ मध्ये तिच्या लाँग बीच स्टेटने ३६ पैकी ३६ सामने जिंकून राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. मग वाळूत उतरली. २००० ला सिडनीत पाचवी आली. आत्या तिथे असती तर म्हणाली असती, सांगत नव्हते? पुढे केरी वॉल्शबरोबर जोडी जमली आणि अथेन्स, बीजिंग, लंडन अशी तीन सुवर्णपदकं. ऑलिम्पिकचे २१ सामने दोघी मिळून खेळल्या, २१ जिंकल्या, सगळ्यांत मिळून एकच सेट हरल्या. आणि २००८ मध्ये बीजिंग जिंकून आल्यावर तिची टाचेमागची शीर तुटली ती टीव्हीवरच्या नाचाच्या स्पर्धेच्या तालमीत. वाळूत नव्हे, नाचताना! हे आत्याला दोनदा वाचून दाखव.

कपड्यांचं म्हणशील तर २०१२ पासून अर्धी विजार नि बाह्यांचा सदराही चालतो. ईशा लांब बाह्यांचाच घालते, नाहीतर पाठ सोलवटते.

खरा धोका वाळूत नाही, रस्त्यावर आहे. समुद्राजवळच्या गल्लीत पाटी असते: मंगळवारी आठ ते दहा झाडूची गाडी येणार, मोटार लावू नये. झाडूची गाडी सव्वाआठला ब्रश फिरवत, गटाराच्या कडेचा पाला ओला करून निघून गेली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं. पावणेनऊला यांनी गाडी लावली. नऊला काचेवर पावती! रस्ता झाडून झालाय हो, असं यांनी त्या पावतीवाल्याला सांगितलं, तर तो पाटीकडे बोट दाखवून म्हणाला, दहापर्यंत.

सत्तर डॉलर. रुपयांत करू नकोस. केलंसच ना? तेवढ्यात आपल्या गल्लीतला रस्ता आपण सगळ्यांनी चहा पाजून वर्षभर झाडून घेतला असता. यांनी हरकतीचा अर्ज केलाय, त्याला उत्तर आलं की अर्जाचा विचार होण्यापूर्वी दंड भरावा.

मिस्टीबद्दलचं एक मात्र ईशाने वाचून दाखवलं आणि मला उठून आत जावं लागलं. मिस्टीची आई २००२ मध्ये कॅन्सरने गेली. अथेन्सला सोनं मिळाल्यावर तिने आईची थोडी रक्षा त्या मैदानाच्या वाळूत सोडली. आई, नाना गेले तेव्हा मी विमानतळावर अडकले होते आणि दादाने तोवर रामकुंडावर सगळं उरकलं होतं. उरकायलाच हवं होतं, कळतं मला. तरी.

आणि पोट भरण्याचं: खेळून श्रीमंत होणाऱ्या इथेही मोजक्याच. मिस्टीसुद्धा निवृत्तीनंतर कॉलेजात मुलींना शिकवायला लागली, म्हणजे फिरून मास्तरकीच. नाना खूश झाले असते.

बंड्याच्या साखरपुड्यात मुलीच्या मामाने खरंच शिरापुरी परत पाठवली? वहिनी एक सांगते, सुलूमावशी दुसरं, दोघींचं ऐकून माझी खात्री झालीय की खाल्ली बंड्यानेच. पुराचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं म्हणे. पूर बघायला घाटावर जाऊ नकोस. गेलीसच तर दादाचा हात धर आणि व्हिडिओ मला पाठव, ग्रुपवर नको, आत्या पुन्हा काहीतरी शोधेल.

तुझी,
मंगल