आंबूस, कुबट, धुरकट

"काय सांगतेस बाय! शर्टाच्या वासावरून स्थळ गेलं?"

"मावशी, हळू. त्याची आई विहिरीवर आहे."

"असू दे की. तिला ठाऊक नाही असं थोडंच आहे? ते शर्ट धुतंय कोण?"

गणेशगुडीतली आमची वई नावालाच वई. जास्वंद आणि निरगुडीच्या काठ्या रोवून केलेली, जेमतेम कमरेएवढी. तिनं गुरं अडत नाहीत, मग बातमी कुठली अडायला? दोन्हीकडची धुणी तिच्यावरच वाळत पडतात, त्यामुळे कुणाकडे पाहुणे उतरले, कुणी नवीन परकर शिवला, हे विचारावं लागत नाही. पलीकडची मावशी जुन्या सुप्याची माहेरवाशीण. १९८७ साली पुऱ्या झालेल्या धरणानं तिचं माहेर पाण्याखाली घेतलं. भाऊ रामनगरला गेले, ही इथं त्याच धरणाच्या खालच्या अंगाला. काळी आणि पांढरी नद्यांच्या संगमावर आपण कशा धुण्याला जायचो, हे ती रोज सांगते, आणि रोज त्या धुण्याला पहिल्यापेक्षा थोडा जास्त उजळ रंग येतो.

तर स्थळ. आमच्या दुसऱ्या बाजूच्या शेजारघरातला पोरगा राफ्टिंगवर गाइड आहे. कामावरूनच गाडी हाणत जगलबेटला मुलगी बघायला गेला, अंगात कामावरचाच टी-शर्ट. मुलीनं म्हणे आत जाऊन आईला एवढंच सांगितलं, की माणूस बरा आहे पण जवळ बसवत नाही.

"पोरगा वाईट नाही हो," मी म्हटलं. "दिवसातून चारदा नदीत भिजतो, घरी आला की पुन्हा आंघोळ."

"अंगाला वास नाहीच गो त्याच्या. वास टी-शर्टाला. परवा तुझ्या बाजूला उडून पडला होता ना, तो मी उचलला. धुतलेला, कडकडीत वाळलेला. नाकाशी नेला तर नुसता पावडरीचा वास. मग बोट ओलं केलं, काखेतल्या शिवणीवर चोळलं आणि पुन्हा हुंगलं." मावशीनं पदर नाकाला लावला. "आंबूस! आत लपून बसलाय तो. जरा घाम आला, जरा ऊब मिळाली की आलाच बाहेर. आणि हा पोरगा करतो काय, तर वरून गुलाबाचा फवारा मारतो. नासलेल्या आमटीवर कोथिंबीर!"

मावशीची ही ओल्या बोटाची परीक्षा मी घरी करून बघितली. आमच्या ह्यांचे दोन शर्ट नापास झाले. कुणाचे ते वईपलीकडे कळू दिलं नाही.

माझी भाची बेळगावात मायक्रोबायॉलॉजी शिकते. सुट्टीला आली की वईवरची चर्चा एक इयत्ता वर जाते. तिनं मावशीला पहिल्याच वाक्यात गार केलं: घामाला मुळात वासच नसतो.

"मग काय अत्तराला असतो?"

"आजी, लहान पोरं दिवसभर उन्हात हुंदडतात, घामानं न्हातात. त्यांच्या झबल्याला कधी काखेचा वास येतो?"

मावशी विचारात पडली. नाही येत. भाचीनं सांगितलं, की अंगभर वीस ते चाळीस लाख घामाच्या ग्रंथी असतात. त्यातल्या बहुतेकींतून निघतं ते नुसतं पाणी आणि मीठ. काखेत मात्र दुसऱ्या जातीच्या ग्रंथी असतात, त्या वयात आल्यावर जाग्या होतात. त्यांचा घाम दाट, तेलकट. कातडीवरचे जंतू तो खातात आणि मागं आंबट, उग्र आम्लं टाकून जातात. तो वास जंतूंच्या उष्ट्याचा, माणसाचा नव्हे.

"मग आमच्या कुणब्यांच्या म्हाताऱ्या," मावशी म्हणाली, "खांद्यावर गाठ मारून एकच लुगडं आठवडाभर नेसायच्या. दिवसभर रानात कंद खणायच्या. त्यांच्या शेजारी बसलं तर मातीचा वास यायचा, धुराचा यायचा. हा असला कधी नाही आला."

"लुगडं सुती होतं ना!"

आणि मग तिनं ती गेंटची गोष्ट सांगितली. बेल्जियममध्ये गेंट नावाचं गाव आहे, तिथल्या विद्यापीठातल्या मंडळींनी सव्वीस जणांना जागच्या जागी चालवायच्या सायकलींवर घामाघूम केलं. मग त्यांचे टी-शर्ट पिशव्यांत कोंडून ठेवले आणि वास ओळखण्यात तयार असलेल्या माणसांना हुंगायला दिले. २०१४ साली त्याचा निकाल छापून आला. पॉलिस्टरचे टी-शर्ट सुतीपेक्षा चांगलेच घाणेरडे ठरले. मायक्रोकॉकस नावाचे जंतू पॉलिस्टरवर सुखानं वाढतात, सुतावर त्यांचं तितकं फावत नाही. शिवाय सूत पाणी पितं, धुताना सोडतंही. पॉलिस्टर पाण्याला जवळ करत नाही, तेलाला मात्र चिकटून बसतं, त्यामुळे काखेतलं ते तेलकट सगळं धाग्यावर तसंच राहतं.

"हुंगायला माणसं ठेवली होती?" मावशीला बाकी कशाशी कर्तव्यच नव्हतं. "पगारी? आणि मी इथं जन्मभर फुकट हुंगतेय!"

एवढं शास्त्र ऐकूनही मावशीचं मत बदललं नाही, कारण ते आधीपासून बरोबरच होतं. ती म्हणाली, त्या पोराची आई धुते कशी ते बघ. पावडर दोन-दोन वाट्या. आपल्याकडचं झऱ्याचं पाणी मऊ, चमचाभर पावडरीत बादलीभर फेस. तो फेस निघता निघत नाही, कापडात राहतो, आणि राहिलेल्या साबणावर पुन्हा मळ बसतो. त्यावर शेवटच्या पाण्यात निळ्या बाटलीतलं ते सुवासिक, कपडे मऊ करणारं औषध. त्याचा थर धाग्यावर चढला की पुढच्या खेपेला पाणी आतपर्यंत जात नाही. वास कोंडून वर सुगंधाचं झाकण. मला विचाराल तर हल्लीच्या निम्म्या धुलाईचं हेच आहे: काढायचं काही नाही, झाकायचं सगळं.

मावशीचा उपाय चार आण्यांचा. किराणा दुकानात मिळतो तो धुण्याचा सोडा. टी-शर्ट उलटा करायचा, कारण घाम आतून लागलेला असतो आणि आपण घासतो बाहेरून. बादलीभर पाणी हाताला चटका बसेल इतपत तापवायचं, त्यात दोन मोठे चमचे सोडा विरघळवून टी-शर्ट तासभर बुडवायचा. मग काखेच्या शिवणी तेवढ्या बोटांनी चोळायच्या आणि एरवीसारखं धुवायचं, पण पावडर निम्मी. जुना मुरलेला वास असेल तर दोनदा. आंबट आम्लाला सोडा मारतो, तेल सोडवतो. खाण्याचा सोडाही चालतो, पण त्यात तेवढा दम नाही. पांढऱ्या सुती कपड्यांना हल्ली मिळतं ते ऑक्सिजनवालं ब्लीच गरम पाण्यातून घातलं तर आणखी बरं. लोकर आणि रेशीम मात्र सोड्यापासून लांब. त्यांना रिठा.

रिठ्यावरून आमचं थोडं वाजलं. मावशीचं म्हणणं, रानातला रिठा आणि शिकेकाई असताना विकतचं कशाला? माझं म्हणणं, पैठणीला रिठा, केसांना शिकेकाई, राफ्टिंगच्या टी-शर्टाला सोडाच. रिठ्याला फेस येतो, मळ निघतो, पण त्याच्यात सोड्याचा क्षार नाही. त्यावर मावशीनं राख काढली. चुलीतली राख चाळून रात्री पाण्यात भिजत घालायची, सकाळी वरचं निवळ पाणी ओतून घ्यायचं, त्यात धुणं भिजवायचं. इथं मात्र मी गप्प बसले, कारण राखेच्या त्या पाण्यात क्षारच असतो. परीट भट्टी लावायचे तीही सोडा आणि उकळतं पाणी ह्यांच्याच जोरावर.

"आणि व्हिनेगर?" मी विचारलं. मोबाइलवर सगळ्या बाया व्हिनेगर ओतताना दिसतात.

भाची म्हणाली, शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी घाला हवं तर, पण सोड्याबरोबर नको. दोघं एकमेकांना मारतात आणि हाती फेस राहतो. आणि क्लोरिनच्या ब्लीचमध्ये तर चुकूनही नाही. त्यातून विषारी वायू निघतो, बंद न्हाणीघरात जिवावर बेतेल.

"आमच्याकडे न्हाणीघराला दारच कुठं आहे," मावशी म्हणाली.

हे सगळं झालं उन्हाळ्याचं. आमच्या जोयडा तालुक्यात खरी परीक्षा मिरगानंतर. कॅसलरॉक, अणशी, कुंभारवाडा, जिकडे जाल तिकडे पाऊस मुक्कामालाच येतो. तीन-तीन दिवस टॉवेल वाळत नाही आणि मग जो वास सुटतो तो घामाचा नव्हे, तो कुबट. मावशी दोन्हींत गल्लत करू देत नाही. तिच्या नाकाला जपानातून पुष्टी आली आहे: तिथल्या संशोधकांनी २०१२ साली दाखवून दिलं की धुतलेल्या ओलसर कपड्यांचा हा वास मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाच्या जंतूमुळे येतो. तो चिवट, नुसत्या वाळवण्यानं मरत नाही. कपडा पुन्हा ओला झाला की पुन्हा कामाला लागतो. म्हणून पावसाळ्यातला टॉवेल वाळलेला असताना साळसूद असतो आणि तोंड पुसलं की उलटतो. त्याला इलाज कढत पाणी, आणि धुणं पिळून ढिगात न ठेवणं. मशीनमधले कपडे लाइट गेली म्हणून रात्रभर तसेच ओले राहिले तर धुतले न धुतले सारखेच. आणि लाइट जाते. सुप्याचं पाणी डोळ्यांसमोर विजेत जातं आणि दिवे आमचेच विझतात. हे गाऱ्हाणं वईवर रोज होतं, त्यामुळे पुढं सांगत नाही.

"आम्ही काय करायचो ठाऊक आहे?" मावशी म्हणाली. "चुलीवर वाशाला काठी आडवी टांगलेली. सगळं धुणं त्यावर. दोन दिवसांत वाळायचं. शाळेत मास्तर म्हणायचे, ही सुप्याची पोरं वर्गात आली की चूल पेटल्यासारखं वाटतं. धुरकट वास यायचा, पण कुबट नाही गो यायचा."

मला तो धुरकट वास आवडतो. भाचीला आवडत नाही. वसतिगृहात तिच्या स्वेटरवरून मैत्रिणी जंगलातली म्हणतात. तीन वासांत एक निवडायचाच असेल तर मी धूर घेईन.

स्थळाचं पुढं काय झालं ते राहिलंच. जगलबेटची बातमी परवा दुसऱ्या वाटेनं आली. मुलीला बेळगावात राहायचं आहे, रानात नाही. वासाचं नाव पुढं केलं की कुणी वाद घालत नाही, म्हणून ते केलं. तरीही मावशीनं पोराच्या आईला सोड्याची पुडी नेऊन दिली. "कारण काही असो, वास होताच," म्हणाली.

आता तिच्याकडे नवीन काम आलंय. वरच्या अंगाला होमस्टे झालाय, त्यांच्या चादरी धुवायला मावशी हवी आहे. चादरींचं तिला काही नाही. पण त्यांनी बरोबर वीस लाइफ जॅकेटंही पाठवली. उन्हाळाभर दर तासाला नवा माणूस त्यात शिरतो आणि ओली जॅकेटं एकावर एक रचली जातात. पोत्याचं तोंड उघडलं तेव्हा वईच्या अलीकडे मी होते, तरी मागं सरले.

"हे सोड्यात उकळू?"

"उकळायचं नाही, मावशी. आत फोम असतो, तो बिघडला की बुडणारा वर येणार कसा? कोमट पाणी, थोडा साबण, मऊ ब्रश. पट्ट्यांच्या आतल्या बाजूनं घासायचं, भरपूर पाण्यानं खळबळायचं, आणि सावलीत वाऱ्याला एकेक सुटं टांगायचं. ब्लीच नको, कडक ऊन नको."

मावशीनं एक जॅकेट वईवर पसरलं, ओल्या बोटानं पट्टी चोळली, हुंगली.

"जॅकेटाचं झालं. आणि त्यात घालतात त्या माणसांचं काय?"

"ती पडतात की नदीत."

"पडतात गो, पण टी-शर्टासकट पडतात ना!"