तात्या आणि परप्रांतीय गोगलगाय

माणूस भेटला की तात्यांना त्याच्या नावाआधी त्याचं गाव लागतं. ‘मूळचे कुठले?’ भाजीवाला असो, लिफ्ट दुरुस्त करायला आलेला पोरगा असो, सुटका नाही. तात्या स्वतः मालवणहून मुंबईत आलेले. पण त्यांच्या मते ते आलेले नाहीत, पूर्वीपासूनच आहेत.

निवृत्तीनंतर घरात लुडबुड वाढली, तेव्हा सुनेने त्यांना अमावास्येची मोठी ओहोटी गाठून कार्टर रोडच्या खडकांवर समुद्रजीव बघायला पाठवलं. जीव दाखवणाऱ्या मुलीने डबक्यातली नखाएवढी समुद्री गोगलगाय दाखवली.

“शंख कुठाय हिचा?”

“हिला नसतो, काका.”

“घरदार नाही? म्हणजे बाहेरचीच!”

मुलीने चूक केली. तोल सांभाळायला जहाजं पोटात समुद्राचं पाणी भरतात, ते दुसऱ्या बंदरात सोडतात आणि त्याबरोबर अळ्याही पोचतात, हे तिने सांगितलं. न्यूझीलंडची एक गोगलगाय बहुधा अशीच सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात पोचली आणि 1992 मध्ये सापडली, हेही सांगितलं.

“विनातिकीट!” तात्या कडाडले. “आणि बंदरावरचे झोपले होते?”

विषय बदलायला म्हणून तिने मोबाइलवर दुसऱ्या एका गोगलगायीचा फोटो उघडला. पांढरं अंग, त्यावर पिवळे ठिपके आणि दोन जांभळी कडी. एक शिंगांभोवती, दुसरं पाठीवरच्या कल्ल्यांच्या तुऱ्याभोवती. गोनिओब्रँकस ॲन्युलेटस. इस्रायल, तुर्कस्तान, ग्रीसच्या किनाऱ्यांवर ही परकी पाहुणी.

“मूळची कुठली?”

“हिंद महासागरातली. 1869 मध्ये सुएझ कालवा झाला, तिकडची वाट मोकळी झाली.”

तात्यांची छाती फुगली. “म्हणजे आपली! आपले लोक बॅरिस्टर व्हायला जायचे, त्याच वाटेने गेली की!”

(1904 मध्ये तिचं बारसं केलं सर चार्ल्स एलियट यांनी. हे गृहस्थ तेव्हा पूर्व आफ्रिकेत ब्रिटिश कमिशनर होते आणि केनियाच्या डोंगरांवर गोऱ्यांना आणून वसवत होते. मी हे तात्यांना सांगितलेलं नाही. ते त्यांना मूळचे कुठले म्हणून विचारतील.)

आता चौकशीचा सूर पार बदलला.

“खाण्याचे हाल होत असतील ना?”

“स्पंज खाते. तिकडेही मिळतात.”

“चला, पोटापाण्याचं झालं. मुलंबाळं?”

“एकाच जिवात नर-मादी दोन्ही असतात, काका. कुणीही भेटलं तरी जमतं.”

“वा! पत्रिकेची कटकट नाही.”

“पण अशा पाहुण्यांनी स्थानिक जिवांची जागा बळकावली तर? म्हणून तिथले शास्त्रज्ञ लक्ष ठेवून असतात.”

तात्या उसळले. “ठेवणारच! कष्टाने वर येणाऱ्याचं कुणाला बघवतं?” मग आवाज खाली आणून म्हणाले, “पण काय गं बाळा, कायमचं राहू देतात ना तिथं? नाही, आमच्या चिरंजिवांचं ग्रीन कार्ड अजून अडकलंय.”